दोनशे नव्वदावं घर

आमच्या ऑफिसातून फॉर्म बंगलोरला जायचे ते परत कधी यायचे नाहीत. किस्से मात्र प्रत्येक गावातून आमच्याबरोबर जीपमध्ये बसून परत यायचे. रिटायर होताना मी कपाटाच्या किल्ल्या दिल्या, स्टेपलर दिला, मोडकी छत्रीसुद्धा जमा केली. किस्से कुणी मागितले नाहीत, म्हणून ते माझ्याकडेच राहिले. आता चार मित्र जमले की एकेक निघतो आणि आतून बायको सांगते, हा मागच्या रविवारी झाला!

आमच्या कामाचं नाव फार मोठं होतं: 'स्थानिक संस्थांची आर्थिक प्रगती आणि सामाजिक विकास यांचे मूल्यमापन'. साध्या भाषेत सांगायचं तर पंचायतींना मार्क द्यायचे. पाणी, दिवे, शाळा, गटार, करवसुली. टोटल करायची आणि वर पाठवायची. ज्या गावाला ज्या विषयात मार्क कमी, त्या गावाचं ते काम आधी. ज्याचं सगळं 'समाधानकारक', त्यानं गप्प बसायचं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे सुरू झालं आणि पुढे मंडल पंचायती आल्या तरी चालूच राहिलं.

आम्ही चौघं. हिरेमठ साहेब धारवाडकडचे. घरी कन्नड, आमच्याशी मराठी आणि राग आला की इंग्रजी. नियमावर त्यांचं लेकरासारखं प्रेम. जीपचे ड्रायव्हर महादूआप्पा पक्के निपाणीकर. मी बेळगावचा, शाळामास्तरांचा मुलगा. आणि कांबळे. सदलग्याच्या वाटेवर एक गाव आहे, त्या गावाच्या ओढ्यापलीकडे बौद्ध वस्ती आहे, त्या वस्तीतला हा पहिला ग्रॅज्युएट. वडील लहानपणीच गेले. आईनं विड्या वळून शिकवलं.

*

ऑफिस निपाणीत, तंबाखूच्या वखारीच्या माडीवर होतं. खाली पोतं हललं की वर शिंक. आम्हाला महिन्याभरात सवय झाली, पण पाहुण्यांचे हाल व्हायचे.

एकदा बंगलोरहून मोठे अधिकारी तपासणीला आले. दोन दिवसांचा कार्यक्रम होता. त्यांनी पहिलं रजिस्टर उघडलं आणि शिंकायला लागले. साहेबांनी शांतपणे दुसरं रजिस्टर पुढे केलं. अधिकारी डोळे पुसत पान उलटायचे, शिंकायचे, परत तेच पान शोधायचे. शेवटी त्यांनी पेन मागितलं, 'रेकॉर्ड उत्तम' असं लिहून दिलं आणि अकराच्या बसनं कोल्हापूर गाठलं.

जेमतेम तासाभरात तपासणी संपली म्हणून साहेबांनाच वाईट वाटलं. आप्पा खाली जाऊन हमालांना विचारून आले, की आज एवढी पोती का हलवताय.

"तुमचं मोठं साहेब येणार कळलं," मुकादम म्हणाला. "म्हटलं जरा झाडून घ्यावं."

*

दिव्यांचे मार्क मोजायला आम्ही सकाळी निघायचो. खांबावर बल्ब आहे का नाही, एवढंच बघायचं. बल्बांचे पैसे पंचायतींना आधीच मिळालेले असायचे, म्हणून रिकामा खांब दिसला की त्यांना जाब द्यावा लागायचा. आमचा रस्ता ठरलेला होता. आधी नदीकाठचं गाव, मग माळावरचं, मग खालचं. वर्षानुवर्षं तोच क्रम, कारण साहेबांनी तो एकदा लिहून मंजूर करून घेतला होता.

पहिल्या गावात शाळेसमोरच्या खांबावर एक लाल बल्ब दिसला. निपाणीतल्या एका फोटोवाल्याचा तो डार्करूममधला जुना बल्ब असावा. मी गंमत म्हणून पाहिला, टिक केलं. दुसऱ्या गावात चावडीसमोर लाल बल्ब. तिसऱ्या गावात मारुतीच्या देवळासमोर पुन्हा लाल बल्ब, आणि खांबाला टेकवलेली शिडी अजून तशीच!

साहेबांनी पंचायतीच्या सेक्रेटरीला बोलावलं. हा बल्ब आमच्या मागून मागून का येतो, असं कडक आवाजात विचारलं.

"मागनं न्हाय साहेब," सेक्रेटरी अदबीनं म्हणाला, "तुमच्या फुडनं जातोय. तुम्ही चा प्यायला बसताय, तवा बल्बांचं पोतं घिऊन सायकल निघते."

साहेबांनी तिन्ही गावांचे दिव्यांचे मार्क कापले. पण जीपमध्ये बसल्यावर ते इतके हसले की आप्पांनी गाडी बाजूला घेतली. कांबळे तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "तीन गावांना मिळून एक पोतं बल्ब, म्हणजे अंधार किती असंल बघा."

*

कांबळेचा एक नियम होता. स्वतःला जे माहीत आहे ते लिहायचं नाही. घरातलं माणूस जे तोंडानं सांगेल तेच लिहायचं. हा नियम साहेबांनी पहिल्या दिवशी सांगितला होता. मी तो ऐकला आणि सोडून दिला. कांबळेनं तो पाळला.

एका गोठ्यात तो फॉर्म भरत होता. मागे एक म्हैस बांधलेली. ती त्याची कॉलर चाटत होती. कांबळेनं पॅडवरची मान न उचलता विचारलं, "जनावरं आहेत का?"

मालकानं म्हशीकडे पाहिलं, कांबळेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्यास्नी दिसत न्हाय व्हय?" त्यानं हळूच मला विचारलं.

"दिसतंय," कांबळे म्हणाला. "पण तुम्ही सांगायचं असतंय."

मालकानं हात जोडून सांगितलं, की एक म्हैस आहे आणि ती आता तुमची कॉलर खातेय. कांबळेनं लिहिलं, 'म्हैस एक'. मग उठला.

*

दुसरा नियम चुलीचा. घर म्हणजे काय, यावर आमच्या छापील सूचनांमध्ये अर्धं पान होतं. साहेबांनी त्याचं एका ओळीत सार काढलं होतं: जिथे वेगळी चूल, ते वेगळं घर. भिंती, दार, छप्पर हा नंतरचा प्रश्न.

एका वाडीवर दोन भाऊ एकत्र राहत होते. मी फॉर्मवरचा पहिला प्रश्न विचारला, "कुटुंबप्रमुख कोण?" थोरला म्हणाला मी. धाकट्याची बायको आतून म्हणाली, बैल कोण पोसतंय ते बी लिवा. थोरलीनं उत्तर दिलं, धाकटीनं त्यावर उत्तर दिलं, आणि माझा दुसरा प्रश्न येईपर्यंत धाकटीनं परड्यात तीन दगड मांडून वेगळी चूल पेटवलीसुद्धा! नियमाप्रमाणे घरं दोन झाली. माझ्याकडे फॉर्म एकच. दुसरा आणायला मी जीपपर्यंत गेलो. परत येतो तर दोघी जावा एकाच चुलीवर आमच्यासाठी पोहे करत होत्या. दगड होते तिथे परत परड्याच्या कडेला लागले होते.

साहेबांनी माझा अहवाल वाचला आणि समासात लिहिलं, 'प्रश्न जपून विचारावेत.'

*

खानापूरच्या जंगलकडेला एक म्हातारे भेटले. एकटं घर, पुढे भाताचं खाचर, मागे रान. पंचायतीच्या कामाबद्दल समाधानी आहात का, असा प्रश्न होता आणि उत्तराला पाच पायऱ्या होत्या, अत्यंत समाधानीपासून अत्यंत असमाधानीपर्यंत. मी सगळ्या वाचून दाखवल्या.

म्हाताऱ्यांनी विचार केला. समाधानी लिहिलं तर तुम्ही परत याल का, असं विचारलं. मी म्हटलं, कशाला येऊ, काम झालं म्हणून धरतात.

"मग असमाधानी लिवा," ते म्हणाले. "दोन वर्सांनी तुम्हीच तेवढं येताय. बसा, दूध तापत ठेवलंय."

दोन वर्षांनी आम्ही गेलो तेव्हा घराला कुलूप होतं. शेजारच्या गावात कळलं, ते पावसाळ्यात गेले. आप्पांनी ओट्यावर पाच मिनिटं बसून विडी ओढली आणि मग गाडी सुरू केली. त्या वर्षी त्या घराचा फॉर्म कांबळेनं कोरा जोडला.

*

आता कांबळेच्या गावाचं सांगतो, कारण बाकीचे किस्से हसून सोडून देता येतात.

आम्ही दर दहावं घर घ्यायचो. पंचायतीनं फार पूर्वी मारुतीच्या देवळापासून घरांना नंबर घातले होते. दहा, वीस, तीस असं करत जायचं. मध्ये कुणी नवं घर बांधलं तर त्याला चौदा-अ, पंधरा-ब असा नंबर मिळायचा, म्हणजे मूळ नंबर हलायचे नाहीत. कांबळेच्या गावात घरं होती दोनशे एकोणनव्वद. देवळापासून मोजत आलं की दोनशे ऐंशी नंबरचं घर ओढ्याच्या अलीकडच्या काठावर यायचं. ओढ्यापलीकडे वस्ती. वस्तीत घरं नऊ.

आपल्या गावाचा सर्व्हे आपण करायचा नाही, असा तिसरा नियम होता. म्हणून ते गाव माझ्याकडे. मी दोनशे ऐंशीव्या घरी शेवटचा चहा प्यायचो, पॅड पिशवीत घालायचो आणि परत फिरायचो. अठ्ठावीस घरं, सगळ्यांना नळ नाही तर आड जवळ. 'पिण्याचे पाणी: समाधानकारक.' हे मी स्वतःच्या अक्षरात किती वेळा लिहिलं! समोर ओढ्यात बाया वाळू उकरून वाटीनं पाणी भरताना दिसायच्या. दिसायच्या म्हणजे दिसायच्या. पण त्यांच्या घरांना नंबर होता आणि तो दहाच्या पाढ्यात नव्हता.

कांबळेची आई, ज्यांना सगळे आक्का म्हणत, त्या एकदा ऑफिसात आल्या. कारखान्यात विड्या पोचवून येताना मुलाला भाकरी द्यायला. कोपऱ्यात साहेबांनी नापास केलेल्या फॉर्मांचा ढीग होता. त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं, चुकलेले आहेत, मोजणीत धरत नाहीत.

"म्हंजे छाट," त्या म्हणाल्या.

विडी कारखान्यात तपासनीस सूप पुढे ओढतो, चार मुठी विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो, त्याला छाट म्हणतात. त्याची मजुरी नाही आणि विड्याही परत नाहीत. आक्कांनी मला विचारलं, आमची गल्ली कुठल्या ढिगात आहे. मी म्हटलं, तुमचा फॉर्मच भरला जात नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "मग छाट बी न्हाय आम्ही." आणि भाकरीचं फडकं ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी कांबळेला एक युक्ती सांगितली. दहापासून कशाला, नवव्या घरापासून सुरू करू. नऊ, एकोणीस, एकोणतीस करत बरोबर दोनशे एकोणनव्वदला वस्तीत पोचतो. कुणाला कळणारही नाही.

त्या वस्तीत त्याची आई पाणी भरत होती, माझी नव्हे.

"सगळ्या गावांना दहा आणि माझ्या गावाला नऊ?" तो म्हणाला. "मग त्या लाल बल्बवाल्यात अन् आपल्यात फरक काय राहिला?"

मी त्याला हट्टी म्हटलं, गाढव म्हटलं. त्यानं साहेबांना रीतसर अर्ज मात्र केला, की ही पद्धत सगळीकडेच बदलावी. साहेबांनी शिफारस करून तो बंगलोरला पाठवला. बंगलोरला गेलेल्या कागदांचं काय होतं ते मी सुरुवातीलाच सांगितलंय.

*

मग मंडल पंचायती आल्या. बायकांना राखीव जागा मिळाल्या आणि आक्का निवडून आल्या! कांबळेनं ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी दोन घेतले.

पहिल्या बैठकीत प्रत्येक मेंबर काही ना काही मागत होता. कुणाला गटार हवं, कुणाला समाजमंदिर. आक्कांना विचारलं, तुमचं काय. त्या म्हणाल्या, मी दिराच्या घरातनं वेगळी निघालेय, वस्तीच्या टोकाला पत्र्याचं खोपट घातलंय, तेवढी नंबराची पाटी द्या. बाकीच्यांना हसू आलं. एवढी निवडून आली आणि मागितली काय, तर पाटी! पाटी लगेच मंजूर झाली.

कांबळेला मात्र ते फार लागलं. आईची आणि काकूची, म्हणजे तिच्या जावेची, तीस वर्षं एका चुलीवर गेलेली, आणि या वयात भांडण. तो दोन रविवार समेट करायला जाऊन आला. दोघींनीही त्याला दाद दिली नाही. काकू म्हणाली, तुझ्या आईचा सोबाव लई वंगाळ. आई म्हणाली, तिचं तोंड बघायची न्हाय. सहा महिने तो ऑफिसात तोंड पाडून बसायचा. मी त्याला समजावायचो, की म्हातारपणी होतं असं.

*

पुढचा सर्व्हे आला. त्या वर्षी तपासणीसाठी साहेब स्वतः फिरत होते, म्हणून कांबळेही बरोबर होता. मी नेहमीसारखा दोनशे ऐंशीव्या घरी चहा प्यालो आणि पॅड पिशवीत घातलं.

पंचायतीचा सेक्रेटरी म्हणाला, "अजून एक ऱ्हायलंय की."

मी म्हटलं, गाव दोनशे एकोणनव्वदवर संपतं.

"संपत हुतं," तो म्हणाला.

साहेबांनी रजिस्टर मागितलं, वाचलं, आणि बूट काढून हातात घेतले. आम्ही ओढा ओलांडला. नऊ घरं मागे टाकली. टोकाला कुडाच्या भिंतींचं, पत्र्याचं खोपट आणि दारावर नवी पाटी: २९०. आतून धूर येत होता.

दारात आक्का सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. आणि त्यांच्या शेजारी, मांडीला मांडी लावून, जिचं तोंड बघायचं नव्हतं ती जाऊ बसली होती. तिच्याही मांडीवर सूप. दोघींनी आमच्याकडे पाहिलं आणि हात चालूच ठेवले.

कांबळे जागच्या जागी उभा राहिला.

साहेबांनी वाकून आत पाहिलं. चूल होती. वर भात शिजत होता. कधीपासून राहता, असं त्यांनी विचारलं. आक्का म्हणाल्या, सहा महिने झाले, एक रात्र बी दुसरीकडं झोपलेली न्हाय, शेजारी विचारा. साहेबांनी मान हलवली. मी पॅड बाहेर काढलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि कांबळेपुढे धरलं.

"सर, नियम," मी म्हटलं.

"नियम मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "कांबळे, तुम्ही भरा."

कांबळे उकिडवा बसला. पेनचं टोपण काढलं. त्याला टोपण ठेवायला जागा सापडेना, शेवटी ते त्यानं काकूच्या हातात दिलं.

"आपलं नाव?" त्यानं विचारलं.

आक्कांचा हात थांबला. त्यांनी पदर नीट केला आणि नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलं.

"घरात माणसं किती?"

"मी एकली."

"मुलं?"

"एक ल्योक हाय. निपाणीत हापिसात."

"काय काम करतात?"

"लोकांची घरं मोजतोय."

कांबळेनं तेही लिहिलं.

"पिण्याचं पाणी कुठून आणता?"

"तुला ठावं न्हाय व्हय रं?"

"तुम्ही सांगायचं असतंय," कांबळे म्हणाला. "मी ऐकून लिहायचं."

आक्कांनी सांगितलं. ओढ्यात झिरा उकरायचा, वाटीनं भरायचं, गाळून घ्यायचं, चढ चढून यायचं. कांबळेनं एकेक शब्द लिहून घेतला. मग पुढचा प्रश्न वाचला, एका घागरीला किती मिनिटं लागतात.

"घड्याळ न्हाय माझ्याकडं," आक्का म्हणाल्या. त्यांनी जावेकडे पाहिलं. दोघींनी मनाशी हिशेब केला. जावेनं मान डोलावली.

"एका घागरीला पाऊणशे विड्या बुडत्यात. लिव्ह. छाट काढून सांगितलंय."

इतक्या वर्षांत कांबळेनं सरकारी फॉर्मवर कधी खाडाखोड केली नव्हती. त्यानं 'मिनिटे' या छापील शब्दावर सरळ एक रेघ मारली, वर 'विड्या' लिहिलं, आणि चौकोनात आकडा घातला: ७५. मग फॉर्म साहेबांकडे दिला. साहेबांनी बूट खाली ठेवले आणि सही केली.